कंपनीच्या सहलीचा चहा

मलकापूर,
१९ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा,

सविनय जयभीम. आईलाही सांगा.

इथे सगळं ठीक आहे. कापसाच्या गाड्या सुरू झाल्यात, त्यामुळे बँकेत सकाळपासून गर्दी. डबा उघडायला दुपार उलटून जाते. आईच्या गुडघ्याला त्या तेलानं उतार पडला का? तिला म्हणावं, खाली बसून भाकरी थापू नको, गॅसपाशी उभी राहून कर. ऐकणार नाही, पण म्हणा.

तुम्ही श्रीलंकेहून आणलेला हिरवा चहा आता मला जमायला लागलाय. पहिल्यांदा मी तो आपल्या नेहमीच्या चहासारखा खदखदा उकळला होता. असा कडू झाला, की कडुनिंबाचा काढा परवडला! मग तुम्ही फोनवर सांगितलंत, "पाणी उकळलं की गॅस बंद कर. जरा दम धर. वाफ धीमी झाली की मंग पानं टाक. उकळत्या पाण्यात पानं भाजून जातात ना बाई." तसं केलं. ती वळलेली, काळपट पानं हळूहळू उलगडतात आणि पाण्याला फिकट पिवळा रंग येतो. वास हुरड्यासारखा, कोवळा. पहिला घोट तुरट लागतो. गिळल्यावर मागून गोडी येते. आता दूध-साखरेची आठवणही होत नाही.

काल फोनवर तुम्ही विचारलंत, "तुह्या घरमालकिणीले रविवारचा चहा आवडला का?" मी "हो" म्हणाले आणि कुकरच्या शिट्टीचं निमित्त करून फोन ठेवला. बाबा, मी कुकर लावलाच नव्हता. तुमचा आवाज ऐकला की माझं तोंड बंद होतं. म्हणून हे पत्र.

दिवाळीनंतर एकदा सुलभाकाकूंना मी तो चहा करून दिला. पुढच्या ओट्यावर बसलो होतो. पाकीट बघून त्यांनी सहज विचारलं, "सिलोनचा? कोण गेलं होतं गं तिकडे?"

"बाबा."

"कशाला?"

विहारातल्या लोकांबरोबर अनुराधापूरला, बोधिवृक्षाच्या दर्शनाला. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "कंपनीची सहल होती."

तुमचा सगळा जन्म एसटीच्या वर्कशॉपात गेला. कंपनी कुठली!

आपलं आडनाव आपल्यात आहे, तसं सवर्णांतही आहे. खोली घेताना काकूंना जे वाटायचं ते वाटलं असेल, आणि मी ते वाटू दिलं. त्याआधी दोन घरी आडनाव, गाव, मग "म्हणजे तुम्ही नेमके कोण?" असं होत होत खोली "आत्ताच गेली" झाली होती. तुम्हाला हे कधी बोलले नाही. आजही सबब म्हणून सांगत नाही. काकूंनी तर काही विचारलंही नव्हतं.

रविवारी तुम्ही न कळवता आलात. खालून आवाज आला, "मनाली राह्यते का इथं?" मी धावत जिना उतरले, तोवर काकूंनी तुम्हाला खुर्ची दिली होती आणि त्या विचारत होत्या, "कशी झाली सिलोनची सहल? कोणती हो तुमची कंपनी?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी जिन्यातच थांबले. एक शब्द बोलले असते तरी पुरलं असतं. मी मान खाली घातली.

"हाव," तुम्ही म्हणालात, "कंपनीनंच नेलं होतं. लहानच हाय कंपनी, तुम्हाले नाव माहीत नसंन."

"काय काय पाहिलंत?"

"चहाचे मळे पाह्यले. डोंगरच्या डोंगर हिरवे."

त्या झाडाखाली बसून तुम्ही लहान पोरासारखे रडलात, हे मला आईनं सांगितलंय. त्यातलं एक अक्षर तुम्ही काढलं नाहीत. मी चहा केला. तुम्ही कप हातात घेऊन "बेस झाला" म्हणालात.

वर खोलीत तुम्ही पिशवीतून चटणीचा डबा काढलात, तेव्हा पिशवीच्या तळाशी बोधिवृक्षाची तसबीर मला दिसली. तुम्ही ती टॉवेलखाली सरकवलीत. "भिंतीले खिळा नाही इथं," म्हणालात. खिळा होता, बाबा. त्यावर कॅलेंडर लटकत होतं.

स्टँडवर मी वाट बघत होते, आता काहीतरी बोलाल. खिडकीतून तुम्ही एवढंच म्हणालात, "खोली हवेशीर हाय. जपून राह्य." बस बुलडाण्याच्या रस्त्याला लागली, तरी मी तिथेच उभी.

परत आल्यावर मी काकूंकडे गेले. त्या मेथी निवडत होत्या. म्हटलं, "काकू, बाबा कंपनीत नव्हते. एसटीत मेकॅनिक होते. श्रीलंकेला बोधिवृक्षाच्या दर्शनाला गेले होते. आम्ही बौद्ध आहोत."

त्यांचा हात थांबला नाही. "माहीत आहे मला. तुमच्या गावच्या, धाडच्या एका ओळखीच्यांनी केव्हाच सांगितलं होतं. मला नाही गं त्याचं काही. पण शेजारपाजारचे विचारतात, म्हणून मीही आपलं कंपनीचंच सांगते. तूही तेच सांगत जा. कशाला उगाच?"

मायेनं म्हणाल्या. मोडलेली काडी पुढे करून "बघ किती कोवळी आहे" असंही म्हणाल्या. म्हणजे तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलत होता, तेव्हा ते खोटं आहे हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्या पुढचं विचारत राहिल्या, मान डोलवत राहिल्या. आणि मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. तिथे खरी लाज कोणाला वाटली असेल, तर मलाच. तुमची वाटली, बाबा.

मी ही खोली सोडतेय. स्टेशनच्या पलीकडे एक मिळाली आहे. लहान आहे, पाणी खालून भरावं लागेल. घरमालक भगवंतराव म्हणून आहेत. त्यांनी विचारायच्या आत मी सगळं सांगून टाकलं, तुम्ही काय काम करत होता, कुठे गेला होता, आपण कोण आहोत. ते "बरं" म्हणाले आणि कुलूप उघडून दाखवलं. त्यांच्या मनात काय आलं, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

माफ करा असं लिहिणार होते. लिहीत नाही, कारण तुम्ही लगेच माफ करून मोकळे व्हाल, आणि रविवारी स्टँडवर बोललात तसंच काहीतरी बोलाल. या वेळी तसं करू नका. नव्या खोलीवर या, समोर बसा आणि मला रागवा.

त्या रागाची वाट बघणारी,
तुमची
मनाली