माणिकचा खुराक

हैदराबाद, फेब्रुवारी १९८३

चिरंजीव लिंबाजीस आईचा जयभीम.

लहानपणी तू बैल पाणवठ्यावर विसरून यायचास, आता नातवाकडं आलेल्या आईला हैदराबादेत विसरलास. महिना झाला, कार्ड न्हाई. लातूर जिल्हा झाला म्हणतात. आपल्या चाकूरला टँकर येतो का, का नुसती पाटीच बदलली?

आम्ही बरे हाव. तुझ्या माणिकला बास्केटबॉल खेळताना पाहिलं. एवढा लांब पोरगा, उडी मारली की वाटतं, वरून ह्याला आपलं शेत दिसत असंल.

पण मेसमध्ये बाकीची पोरं दूध-अंडी खातात, अन् हा वरण-भाकर. म्हणतो, "आज्जे, मला दूध पचत न्हाई." म्हशीच्या आचळाला तोंड लावायचा हा! मी त्याच्या सोबत्याला खोदून विचारलं. तोच माझं हे पत्र लिहून देतोय. माणिक रेल्वेच्या संघात अजून चाचणीवरच हाय, पगार सुरूच न्हाई. खुराकाचा भत्ता मिळतो, तोच पगार म्हणून तुला पाठवतो. त्यावर आपण कडबा घेतला. बैल जगले, लेकरू वाळलं.

पुढच्या महिन्यात निवड हाय. टिकला तर कायमची नोकरी. उडी तशीच हाय, पण उतरताना गुडघे थरथरतात.

त्याला रागावू नको. त्याची मनीऑर्डर आली तर परत लावून दे. माझ्या उतरंडीत बियाण्याच्या शेंगा हायत. पाऊस येईल तेव्हा पेरणीचं बघू. सूनबाईला, चांगुणाला म्हणावं, त्या भाजून गुळाचे लाडू कर अन् पाठव. पुडक्यावर नाव माझं घाल. मला दात न्हाईत, सगळे त्यालाच खावे लागतील.

धुरपताबाई, निशाणी अंगठा