मधली पंचवीस मिनिटं

बाबा,

गेल्या रविवारी मी न बघितलेल्या सिनेमाचं तोंड भरून कौतुक केलं. म्हणजे सुरुवात बघितली होती, शेवटही बघितला होता. मधली पंचवीस मिनिटं तेवढी बघितली नव्हती, आणि कौतुक केलं ते नेमकं त्या पंचवीस मिनिटांचं. आज चौथा शनिवार, कोर्टाला सुट्टी आहे. कुकर लावून झालाय आणि अकराच्या आत मला कामोठ्याला जाऊन हे कबूल करून यायचंय. जाण्याआधी तुम्हाला लिहायला बसले, कारण हा गुन्हा मी याआधी एकदाच केलाय आणि तो तुमच्याशी केलाय.

आधी आमच्या मंडळाचं सांगते. नवीन पनवेलला एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही पंचवीस-तीस जण महिन्यातून एका रविवारी जमतो, पडदा लावून सिनेमा बघतो आणि मग चहा घेत त्यावर भांडतो. बाकीचे दिवस मोबाइलवर भांडतो. काल कुणी काय बघितलं, कुणाला रडू आलं, कोण अर्ध्यातून उठलं. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ प्रत्येक सिनेमाला साडेतीन तारे देतात. चार का नाहीत आणि तीन का नाहीत, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. एक नर्सबाई आहेत, त्यांना पडद्यावर चुकीचं लावलेलं सलाइन दिसलं की त्यांच्यापुरता तो सिनेमा तिथेच संपतो. दोन आयटीतली मुलं आम्हाला कुठले कुठले परदेशी सिनेमे बघायला लावतात आणि आम्हाला ते आवडले नाहीत की आमची कीव करतात. मला या सगळ्याची फार मजा वाटते. कोर्टात मी स्टेनो, दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं टिपून घ्यायचं, माझं मत कुणी विचारत नाही. मंडळात मात्र ‘मॅडम, तुम्ही बोला’ म्हणतात. खोटं कशाला सांगू, ते ऐकायला मला आवडतं, आणि तिथेच माझा घात झाला.

कोर्टात माझ्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षं बसणारी माझी मैत्रीण आहे. तुमच्या पाठीमागे मिळालेलं माझं सगळ्यात जवळचं माणूस म्हणाना. तिचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. महिनाभर घरातच अंथरुणावर होते आणि एका दुपारी झोपेतच गेले, असं ती सगळ्यांना सांगते. तिच्या मुलानं आता त्याच महिन्यावर सिनेमा केलाय, मित्रांना हाताशी धरून, स्वतःच्याच घरात. तो पहिल्यांदा दाखवला आमच्या मंडळात. सुरुवात छानच होती. अर्ध्या तासानं मात्र पडद्यावरच्या मुलानं नळाखाली बादली लावली, ती भरली, मग दुसरी लावली, तीही भरली. खोलीत माणूस पडलाय, पंखा फिरतोय, बाहेर बादल्या भरतायत. मला कंटाळा आला, बाबा. जिवलग मैत्रिणीच्या मुलाचा सिनेमा, तिच्या नवऱ्याचं आजारपण, आणि मला जांभया. मी हळूच उठून जिन्यात जाऊन बसले, मोबाइल बघितला, कुणाच्या तरी नातवाचे फोटो बघितले. आत परत गेले तेव्हा शेवटची पंधरा मिनिटं उरली होती. दिवे लागल्यावर मैत्रिणीनं चहाच्या टेबलाशी माझा हात घट्ट धरून विचारलं, “मधलं कसं झालंय गं?” आणि मी एका दमात म्हणाले, “मधलं तर फारच सुंदर! एक मिनिटही कापू नकोस म्हणावं त्याला.” मंगळवारी त्याचा फोन आला. एडिटर त्याला मधली पंधरा मिनिटं उडवायला सांगत होता. “पण काकू, तुम्ही म्हणालात ना, म्हणून सगळं ठेवतोय. सोमवारी फेस्टिव्हलला पाठवतोय. तुम्ही उगाच चांगलं म्हणणाऱ्यातल्या नाही.” त्या वाक्यानं माझी झोप उडाली ती आजपर्यंत.

आणि मग तुम्ही आठवलात. आपल्या टॉकीजच्या दारात खाकी शर्टात उभे असलेले, तिकिटाचा अर्धा तुकडा फाडून घेणारे, उशिरा आलेल्यांना टॉर्च दाखवत खुर्चीपर्यंत नेणारे. प्रत्येक पिक्चरची पहिली दहा मिनिटं तुम्ही शंभर वेळा बघितलेली असायची आणि शेवटची दहाही, कारण दारं उघडायला आत यावं लागायचं. मधल्या वेळात तुमची जागा फाटकावर. गुरुवारी सुट्टी असायची, पण गुरुवारी टॉकीजचं तोंडसुद्धा बघायचं नाही असा तुमचा हट्ट होता. मग बारा वर्षांची मी फुकट पासावर बाराचा खेळ बघून येते, आणि चार वाजता, तीनचा खेळ सुरू असताना, तुम्ही अर्धा तास घरी जेवायला येता. आई तव्यावरची भाकरी थेट तुमच्या ताटात टाकते, सुकटीचा वास घरभर असतो आणि तुम्ही पहिला घास मोडत म्हणता, “हां. आता मधला सांग.” मी सांगते. तुम्ही मध्येच थांबवून विचारता, “तवा लोक हसली का गप बसली?” तुमचा सगळा भर लोकांवर. फाटकावर उभं राहून तुम्ही पिक्चरचं भविष्य सांगायचात. मध्येच बाहेर आलेला माणूस पळत परत गेला तर पिक्चर चार आठवडे चालणार, बाहेरच विडी ओढत रेंगाळला तर पुढच्या शुक्रवारी उतरणार. “बाहेर आलेल्या मानसाला इचारायचा नाय, निसता बगायचा,” असं तुम्ही म्हणायचात. मॅनेजरसुद्धा तुमचा अंदाज घ्यायचे.

त्या एका शनिवारी मी आत थांबलेच नाही. पिक्चर सुरू झाल्यावर पाठीमागच्या दारानं बाहेर पडले आणि मैत्रिणींबरोबर बोरं खात तळ्याच्या काठावर हिंडत राहिले. चार वाजता तुम्ही विचारलंत तेव्हा सुचेल ते रचलं. सुरुवातीला धडधाकट असलेला भाऊ शेवटी कुबडी घेऊन येतो, एवढं तुमच्याकडूनच मला ठाऊक होतं, मग मी त्याला गिरणीत कामाला लावलं आणि त्याचा पाय यंत्रात घातला. तुम्ही भाकरी खायची विसरून ऐकत होतात. संध्याकाळी मी तुमची तंबाखूची डबी द्यायला आले, तर तिकीटखिडकीच्या पलीकडे तुम्ही मॅनेजरांना सांगत होतात, “साहेब, तो यंत्रावरचा सीन हाय ना, बायका ढसाढसा रडनार.” मॅनेजर म्हणाले, “कुठलं यंत्र? तो घोड्यावरून पडतो रे! झोपेत पिक्चर बघतोस काय?” बुकिंगवाले हसले, कॅन्टीनवाला हसला, पोस्टर चिकटवणारा शिडीवरून हसला. तुम्हीही त्यांच्याबरोबर हसलात आणि म्हणालात, “पोरीनं बरोबरच सांगितला असंल. मीच नीट ऐकला नाय.” मी खिडकीमागे उभी होते. डबी तशीच घेऊन घरी पळाले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही जेवायला बसलात आणि काही विचारलंच नाहीत. भाकरी संपली, हात धुतलात, चपला घातल्यात आणि दारातून वळून म्हणालात, “नाय बगितला तर नाय बगितला म्हनायचा. मी काय तुला खातो काय?” बस, एवढंच. त्या माणसांसमोर तुम्ही माझी बाजू घेतलीत, हे मी ऐकलंय ते तुम्हाला कधीच सांगितलं नाही. महिनाभरानं तुम्ही पुन्हा मधलं विचारायला लागलात, तेव्हा मी एकेक प्रसंग मोजूनमापून सांगायला लागले. एखाद्या ठिकाणी लक्ष नसलं तर तसं सांगायचे. मला वाटत होतं, तो धडा कायमचा गिरवून झाला.

तर आता निघते. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर माझी जीभ फार सफाईदार चालते. ‘गोळी घेतली होती, जरा डोळा लागला’ हेही ओठांवर तयार आहे, बिल्डिंगच्या जिन्यात दोनदा म्हणूनसुद्धा बघितलं. तेही सांगणार नाही. मी जागी होते, मला कंटाळा आला म्हणून उठले, असंच सांगणार.

जाऊन आले. साडेतीन वाजलेत, जेवायची वासना नाही, म्हणून पुन्हा लिहायला घेतलंय.

दार मुलानं उघडलं. मैत्रीण भाजी आणायला खाली गेली होती. चपला काढायच्या आधीच मी सांगून टाकलं, नाहीतर बसल्यावर शब्द फिरले असते. त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, आता दार लावून घेईल. तो म्हणाला, “काकू, एक्झॅक्ट कुठे उठलात?” मी म्हणाले, “दुसऱ्या बादलीला.” त्यानं टेबलावरची वही ओढून तिथे खूण केली. मग लॅपटॉप उघडला, मला खुर्ची दिली आणि म्हणाला, “आता बघा. आता मात्र उठू देणार नाही.” ती मधली पंचवीस मिनिटं मी तिथे बसून बघितली, बाबा. पहिली सात-आठ अजूनही लांबलेलीच वाटली, तसं सांगितलं. तो वाद घालत राहिला, मीही मागे हटले नाही, आणि अखेर त्यातली चार कापायला तो तयार झाला.

पण त्यापुढचं वेगळंच होतं. दुपारची वेळ. तीन रात्री जागलेली बायको शेजारच्या खोलीत झोपलीय. अंथरुणावरचा माणूस तिला हाक मारतो. एकदा, मग आणखी एकदा. मुलगा उठतो, त्या खोलीच्या दारापर्यंत जातो, झोपलेल्या आईकडे बघतो आणि तिला न उठवता परत येतो. तोवर सगळं संपलेलं असतं. मी शेजारी बसलेल्या मैत्रिणीच्या मुलाकडे बघितलं. तो म्हणाला, “हे असंच झालंय, काकू. रविवारी पडद्यावर बघूनही आईला मंडळातल्यांसारखंच वाटतं, हा सीन मी रचलाय, पप्पा झोपेतच गेले. मला तिला सांगताच आलं नाही, म्हणून पिक्चर केला. तुम्ही सांगाल का?” मी म्हणाले, “नाही. ते तुझं काम आहे. आणि सोमवारच्या आत सांग, कारण एकदा तो बाहेर गेला की हे खरंच घडलं का असं लोक विचारणार, आणि तिला ते भलत्याच्या तोंडून कळेल.” त्यानं मान हलवली. उद्या सांगतो म्हणाला.

मैत्रीण आली तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन तिलाही सांगितलं की रविवारी मी खोटं बोलले. तिनं पिशवी ओट्यावर ठेवली. “त्यांना तसं सोडून तू उठून गेलीस?” एवढं म्हणाली आणि मेथी निवडायला लागली. वीस वर्षं पाण्यात गेली असं मला वाटलं, तरी उभी राहिले. मग ती भिंतीकडे बघत म्हणाली, “मी तरी कुठे बघितलं? डोळे मिटून बसले होते. घरातला तो पलंग दिसला आणि पुढे बघवेना. म्हणून तुला विचारलं.” मेथी बाजूला सारून म्हणाली, “आता बघितलंस ना? मग सांग मला. सगळं सांग.”

मी ओट्याला टेकून सांगितलं. बादल्या सांगितल्या, केळ्यात लपवून दिलेली गोळी सांगितली, मुलगा बापाच्या तळपायांना खोबरेल चोळतो ते सांगितलं. गोळीला ती हसली. तळपायांना पदर डोळ्याला लावला. मग विचारलं, “आणि शेवटी? शांत गेलेत ना, झोपेत?”

मी “हो” म्हणाले.

म्हणजे खोटं निस्तरायला गेले आणि दुसरं सांगून आले. हे मुलालाही सांगितलं नाही, हे पत्रही कुठे टाकता येण्यासारखं नाही, तेव्हा तुम्हालाच काय ते ठाऊक. त्यानं उद्या रात्रीपर्यंत तिला सांगितलं नाही, तर सोमवारी सकाळी कोर्टात जाण्याआधी मी पुन्हा कामोठ्याला जाणार आहे आणि त्याला तिच्यासमोर बसवणार आहे. ती मग माझ्याशी बोलो न बोलो. पण एक तुम्हाला सांगून टाकते, बाबा. त्या ‘हो’बद्दल मला अजून जराही वाईट वाटलेलं नाही.