वजा सगळे

३ फेब्रुवारी
आज बचत गटाची वेबसाइट सुरू झाली. डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं गटाचं नाव, मी घेतलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट, जबाबदारी माझीच. शिवबाई आत्या गटाची अध्यक्ष. तिला म्हटलं, वळसंगची कडक भाकरी आता जगात जाणार. ती म्हणाली, "जगात जाईल गं, आदी पुण्यात तर जाऊ दे."
पुण्यात हॉस्टेलची मेस चालवणाऱ्या पायल मॅडमना दर आठवड्याला भाकरी हवी आहे. भाव मेलवर मागितलाय. ही ऑर्डर मिळाली तर बायकांना दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जावं लागणार नाही. नव्या पत्त्यावरून मेल पाठवलं.

६ फेब्रुवारी
उत्तर नाही. फोन केला. आमचं मेल मॅडमना स्पॅममध्ये सापडलं, लॉटरीच्या मेलशेजारी. फार लागलं.
कॉलेजची मैत्रीण प्रियदर्शनी पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत आहे. म्हणाली, डोमेनवर टीएक्सटी रेकॉर्ड टाक, मेल खरंच तुमचं आहे हे समोरच्याला कळतं. टीएक्सटी म्हणजे टेक्स्ट. म्हणजे मजकूर. ती पुढे सांगत होती, पण मला समजलं होतं. माझं बी.ए. मराठीतलं आहे.

७ फेब्रुवारी
मजकूर लिहिला. देवनागरी घेईना. आपल्याच डोमेनवर आपली भाषा नाही! शेवटी इंग्रजीत लिहिलं: आम्ही वळसंगच्या प्रामाणिक, कष्टाळू बायका आहोत, भाकरी हातानेच थापतो. सेव्ह झालं. हिरवी खूण आली. डोळे भरून आले.

१० फेब्रुवारी
पुन्हा स्पॅम. प्रियदर्शनीला मजकूर वाचून दाखवला. ती बराच वेळ हसत होती. मैत्रिणीने हसावं?
हसून झाल्यावर म्हणाली, अगं, ते मशीन वाचतं. तुमच्या नावाने मेल कुणी पाठवायचं एवढंच त्यात लिहायचं. तिने तयार ओळ पाठवली. शेवटी 'मायनस ऑल'. म्हणजे बाकी कुणालाही परवानगी नाही.

११ फेब्रुवारी
वजा सगळे!
गट काढला तेव्हा बनाबाईला कुणी घ्यायला तयार नव्हतं. मी भांडले होते. कुणालाही वगळायचं नाही, हे आमचं तत्त्व. आणि डोमेनच्या दारावर ही पाटी? मायनस काढून प्लस केला.
मेल थेट इनबॉक्समध्ये गेलं. मॅडमनी नमुना मागवला, लगेच पार्सल केला. तत्त्वाला यश येतं. प्रियदर्शनीला बदल सांगितला नाही. पुण्यात राहून माणसं कोरडी होतात.

१५ फेब्रुवारी
मॅडमचं मेल आलं. नमुना आवडला, ऑर्डर सोमवारी कळवते म्हणाल्या. आत्याला मेल छापून दिलं. तिने त्यावर शेंगा निवडल्या.

१८ फेब्रुवारी, दुपारी
घात झाला. आमच्या पत्त्यावरून मॅडमना वजन कमी करायच्या गोळ्यांची जाहिरात गेली. ब्रेड बंद करा, गोळी घ्या. भाकरी विकणाऱ्या गटाच्या नावाने! ऑर्डर थांबली.
मी पाठवलेलं नाही. ती ओळ अजून कुणाला माहीत होती? एकाच व्यक्तीला. नंबर ब्लॉक केला.

१९ फेब्रुवारी
दुसरं कुणी समजावणारं नाही, म्हणून नंबर अनब्लॉक केला. प्रियदर्शनी म्हणाली, प्लस ऑल म्हणजे तुमच्या नावाने कुणीही मेल पाठवा, अशी जगाला परवानगी. तूच दिलीस, बाई. मी म्हटलं, सगळे म्हणजे आमच्या सगळ्या बायका. ती म्हणाली, सगळे म्हणजे सगळे.
मायनस लावला. जगाने माझ्या विश्वासाचा गैरफायदा घेतला, हेच खरं. मॅडमना तीन पानी खुलासा मेल करायचं ठरवलं आहे.

२१ फेब्रुवारी
खुलासा लिहीत होते तेवढ्यात आत्याने मला न विचारता मॅडमना फोन लावला. "आवो बाई, तुमी खाऊन बगितली की आमची भाकरी. गोळ्या इकायला आमी काय डाक्टर हाय व्हय?" मॅडम हसल्या. ऑर्डर पक्की. अट एकच: मेल नको, फोनवरच बोलायचं. आत्या लगेच "व्हय" म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

२४ फेब्रुवारी
पहिली खोकी आज निघाली. मार्करने पत्ता लिहायचं काम मला दिलं आहे. आत्या म्हणाली, "तुजं अक्षर लई चांगलं हाय, म्हणून."
चारही बाजूंनी लिहिलं. अक्षर खरंच चांगलं आहे.