टेकडीवरचा दिवा

१२ मार्च

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. तू बरी असशील आणि छोटीचा खोकला थांबला असेल, असं धरून चालतो. मी ठणठणीत आहे. फक्त कितीही आंघोळी केल्या तरी अंगाचा वास जात नाही.

फोन सोडून पत्र लिहितोय म्हणून हसू नकोस. फोनवर तू मधेच बोलतेस आणि माझं निम्मं पोटातच राहतं.

काल भाऊजींबरोबर त्या ओसाड बेटावर गेलो होतो. मी दीपस्तंभ खात्यात नवीन, ते सगळ्या दिव्यांचे मुख्य. म्हटलं, घरच्या माणसाकडूनच काम शिकू. बेटावर माणूस नाही, झाड नाही. एक बुटकी टेकडी आणि माथ्यावर बोटींना खडक दाखवणारा दिवा. दिवसा पॅनलवर ऊन पडतं, बॅटरी भरते, रात्री दिवा आपोआप लागतो. दर महिन्याला वर चढून पॅनल पुसायचं आणि बॅटरी तपासायची, एवढंच काम.

शी! टेकडी कसली, नुसती घाण. पक्ष्यांची विष्ठा, घोट्यापर्यंत, वरून सुकलेली आणि आतून लिबलिबीत. सडके मासे, फुटकी अंडी, मेलेली पिल्लं, त्यावर माश्या. तोल गेला म्हणून हात टेकला, तर कोपरापर्यंत बरबटला. तोंडाला फडकं बांधूनही ओकलो. डोक्यावर पक्षी किंचाळत होते आणि वरून भर घालत होते ती वेगळीच.

भाऊजी बोटीतच बसून राहिले. "गुडघा दुखतोय, तू हो पुढे." मी ओरडून विचारलं, "भाऊजी, वाट कुठून आहे?" नावाडीच हसला. "वाट? कसली वाट? साहेब कधी उतरलेत इथे!" मला वाटलं, थट्टा करतोय.

वर पॅनल दिसतच नव्हतं. खरवडायला घेतलं तर गिलाव्यासारखे पोपडे निघाले. पेटीचं कुलूप गंजून गोळा झालेलं, दगडाने फोडलं. बॅटरीवर बसवल्याची तारीख होती, पाच वर्षांपूर्वीची. असली बॅटरी दोन वर्षंसुद्धा धड टिकत नाही.

खाली येऊन विचारलं, तर म्हणतात कसे, "अरे, एवढ्या घाणीत दर महिन्याला कोण चढणार? मी इथूनच दुर्बीण लावतो. काच चमकली की समजायचं, दिवा चालू." दिवसाढवळ्या, ताई! उन्हात काच चमकणार नाही तर काय करणार?

तू आम्हाला किती वेळा ऐकवलंस, "बेटावर जाऊन आले तरी ह्यांच्या शर्टाला डाग नसतो, नाहीतर तुम्ही दोघं भाऊ!" तो शर्ट आठवला आणि मी माझ्या बरबटलेल्या हाताकडे पाहिलं.

आता जे टाळत होतो ते लिहितो. गेल्या वर्षी आपल्या दादाची बोट त्याच खडकावर फुटली. चौकशीत ठरलं की दादा सुकाणूवर झोपला, स्वतः बुडाला आणि दोन खलाशांनाही घेऊन गेला. कोणाच्या शब्दावर? भाऊजींच्या. "दिवा चालू होता, आदल्याच आठवड्यात मी वर जाऊन पाहिलाय." वहिनी अजून बाजारात मान खाली घालून जाते. आणि हा माणूस दादाच्या प्रेतापाशी तुझ्या खांद्यावर हात ठेवून रडला होता!

परतताना त्यांनी मला साबण दिला. "नीट धू. आणि ताईला कशाला सांगतोस? जाणारा गेला, तिचा संसार आहे." त्या साबणाची जेवढी किळस आली तेवढी टेकडीचीही आली नव्हती. फेकून दिला समुद्रात.

आज सकाळी मी भाऊजींच्या वरच्या साहेबांना टेकडीवर काढलेले फोटो, तिथून आणलेली बॅटरी, कुलूप, सगळं देऊन आलो. चौकशी पुन्हा उघडणार. भाऊजींची नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही होईल. ते तुझ्या पोरांचे बाप आहेत हे मला कळतं गं. कळत होतं, तरी दिलं.

मग वहिनीकडे गेलो. दारातच सांगितलं, दादा झोपला नव्हता. तिने माझे बरबटलेले बूट काढून घेतले आणि नळाखाली धुवायला बसली. मी नको नको म्हणत होतो, ती धूतच राहिली.

मला अजून भाऊ म्हणणार असशील तर,

तुझा,
धाकटा