एक दाता डावीकडे

मी, खाली सही करणारी, शिक्षणाने यंत्र अभियंता, जुन्या गाड्यांची स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड नव्याने बसवून देणारी, अविवाहित, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दादाला माझ्या डोक्याबद्दल शंका असल्यामुळे तो मुद्दाम घेतला. या वयात मृत्युपत्र कशाला, असं वकीलकाकांनी विचारलं. बाबांनी केलं नव्हतं, म्हणून.

१. घरातला माझा हिस्सा आईला.

२. गॅरेजमधली लेथ, पान्हे आणि अर्धवट राहिलेले डॅशबोर्ड आमच्या वायरिंगवालीला. मीटरच्या तारा ओढताना तिने शिव्या कमी द्याव्यात. ही अट नाही, अपेक्षा आहे.

३. दादाला माझा टॉर्क पान्हा. कारण पुढे येईल.

४. बाबांची काळी गाडी आईला. ती विकू नये. दादाने आणलेल्या, जुन्या गाड्या जमवणाऱ्या संग्राहकाला तर मुळीच नाही, कारण त्याची पहिली अट स्टिअरिंग सरळ करण्याची आहे.

बाबा प्रत्येक गाडीचं स्टिअरिंग दांड्यावर एक दाता डावीकडे बसवत. दांड्याला गोल छत्तीस दाते, म्हणजे एका दात्याला दहा अंशांचा तिरकेपणा. मी शिकून आले तेव्हा म्हटलं, "बाबा, चूक आहे ही. इंडिकेटर एका बाजूला उशिरा बंद होतो."

"चूक नाही गं, सही आहे माझी."

आई आतून म्हणाली, "सही कसली, डावा खांदा वर जात नाही त्यांचा."

बाबा गेल्यावर मी काळ्या गाडीचा दांडा बदलला, डॅशबोर्ड नवा केला आणि स्टिअरिंग बरोबर सरळ बसवलं. नट हलला तर कळावं म्हणून त्यावर रंगाची रेघ मारली. सकाळी रेघ अखंड होती, पुढची चाकं सरळ होती, आणि स्टिअरिंग एक दाता डावीकडे होतं. गॅरेजची किल्ली माझ्याच गळ्यात असते. पुन्हा बसवलं, पुन्हा तसंच.

"नट ढिला असेल," दादा म्हणाला.

"मीच आवळलाय."

"मग तूच ढिली झालीस."

टॉर्क पान्हा त्यासाठी. नट किती घट्ट आहे ते त्याने स्वतः मोजून बघावं.

आईला मी काहीच सांगितलं नव्हतं. ती संध्याकाळी येऊन त्या गाडीत बसते, चालकाशेजारच्या तिच्या नेहमीच्या सीटवर. एकदा मी पुलर लावून स्टिअरिंग काढायला घेतलं, तर ती म्हणाली, "असू दे. त्यांना तसंच लागतं." 'लागायचं' असं म्हणाली नाही. त्यानंतर मी पुलर लावलेला नाही.

५. म्हणून आई आहे तोवर तिला गाडीत बसू द्यावं, चालकाची सीट रिकामी ठेवावी आणि स्टिअरिंग कोणीही सरळ करू नये. माझ्यानंतर ते दोन दाते डावीकडे आढळल्यास तेही तसंच ठेवावं. ती माझी दुसरी सही समजावी.

पहिली सही खाली, माझ्या हातची.

(सही)

साक्षीदार: सीटा शिवणारे टाकेमामा (सही), रंगारीकाका (सही, शेजारी अंगठ्याचा काळा रंग लागला आहे, तो ठसा नाही)

ठिकाण: गॅरेज, काळ्या गाडीचं बॉनेट
दिनांक: आजचा, रविवार