आधी बोकड, मग करडू

शुक्रवार, ७

चिठ्ठी हरवली. नेमकी आजच!

‘दर्याचोर, भाग दुसरा’ सकाळी आला. डिस्कमध्ये चार फायली. सुरुवातीची नावं, शेवटची नावं आणि मधले दोन मोठे भाग – एक मध्यंतराच्या आधीचा, एक नंतरचा. मोठ्या भागांवर काही लिहिलेलं नसतं, नुसते हातभर लांब आकडे. कुठला आधी लावायचा ते सोबतच्या चिठ्ठीवर असतं. चिठ्ठी मी स्वतः टेबलावर ठेवली होती. मग मालक केबिनमध्ये आले, ‘किती उकडतंय हो तुमच्याकडे’ म्हणाले, पंखा पाचवर केला, आणि चिठ्ठी गेली. मशीनखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, बुटातसुद्धा पाहिलं. नाही.

कंपनीला फोन करून विचारायचं, तर मालक ढिम्म शेजारी उभे. सव्वीस वर्षं या केबिनमध्ये काढली, एक रीळ उलटं लावलं नाही कधी. आणि आता त्यांच्यासमोर ‘चिठ्ठी हरवली’ म्हणू? लहान आकडा आधी, मोठा नंतर – असं ठरवलं आणि बटण दाबलं.

सुरू झाला. शिट्ट्या पडल्या. म्हणजे बरोबरच असणार.

शनिवार, ८

आमची ही तिकीट खिडकीवर बसते, त्यामुळे लोक बाहेर पडताना काय बोलतात ते तिच्या कानावर येतं. आज सांगत होती, ‘अहो, लोक भांडत बाहेर पडतायत.’

‘कशावरून?’

‘सिनेमावरून! कप्तान मेला की नाही यावरून.’

मला काय माहीत! मी सिनेमा पाहत नाही. केबिनच्या भिंतीतल्या भोकातून डोकावायचं, चित्र सरळ आहे, आवाज येतोय, की पुन्हा पेपर उघडायचा. ऑपरेटर सिनेमा पाहायला लागला तर सिनेमा चालवणार कोण?

काल तिने ऐकलेल्यांपैकी काही: ‘मध्यंतराच्या आधीच नकाशा जळाला ना? मग हा कुठला?’ ‘पाय तुटला होता की नव्हता?’ ‘तो आचारी चांगला आहे की वाईट, एकदा ठरवा!’ आणि एक बाई नवऱ्याला – ‘तुम्ही घोरत होतात, तुम्ही बोलूच नका.’

रविवार, ९

आज सिनेमा पाहिला.

पेपर लवकर संपला म्हणून दुपारच्या खेळाला भोकातून पाहत बसलो. मध्यंतराच्या आधी जहाजावर एक बोकड आहे. चांगला थोराड, एक शिंग मोडलेलं, छातीपर्यंत दाढी. कप्तानाचा लाकडी पाय सारखा चाटतो. मग तोफा, वादळ, जहाज बुडतं, बोकड बुडतो, कप्तानही बुडतो. बुडबुडे. मध्यंतर.

मध्यंतरानंतर बंदर. नवंकोरं जहाज. कप्तान दोन्ही पायांवर टणाटण उड्या मारत जिना चढतो. आणि त्याच्या काखेत काय? करडू! इवलंसं! तो त्याला म्हणतो, ‘तुझी दाढी येईपर्यंत तुला राजा करतो.’

दाढी आधी आली हो! दाढी मध्यंतराच्या आधीच आली!

मी भाग उलटे लावलेत. तीन दिवस. भरल्या थिएटरात.

सोमवार, १०

हिला सांगितलं. आधी डोळे मोठे केले. मग हसायला लागली. इतकी हसली की पदराने डोळे पुसले, पाणी प्यायली आणि पुन्हा हसली. माझा जीव टांगणीला आणि हिला उचक्या!

‘आता गुपचूप सरळ करा,’ म्हणाली.

पण सरळ करायचं कसं? तीन दिवसांत अर्धं गाव उलटा पाहून गेलंय. आज सरळ लावला की उद्या दोघं शेजारी भेटणार, एक म्हणणार कप्तान शेवटी मेला, दुसरा म्हणणार मध्यंतरालाच मेला. मग पाचव्या मिनिटाला मालक केबिनमध्ये.

खात्री करावी म्हणून दुसऱ्या गावातल्या भाच्याला फोन लावला. ‘दर्याचोर’ एवढं म्हणालो मात्र, तो ओरडला – ‘मामा, काही सांगू नका, मी अजून पाहिला नाहीये!’ आणि ठेवूनच दिला. माझ्या फोनला बटणं. त्यात बघून कळेल असं काही येत नाही.

मंगळवार, ११

लोक दुसऱ्यांदा येतायत!

कळलं नाही म्हणून येतायत. हिने खिडकीवर ऐकलेलं: केशकर्तनवाल्याचं म्हणणं, कप्तान दोन आहेत, जुळे, आणि दुसरा पहिल्याचा सूड घ्यायला निघतो. औषधाच्या दुकानातल्या बाईंचं म्हणणं, बुडल्यावर त्याला समुद्राच्या तळाशी कसलंसं पाणी मिळतं, त्याने पाय परत फुटतो. ‘शेपटी फुटते पालीला, तशी,’ असं अगदी ठामपणे. बोकडाबद्दल तीन पक्ष आहेत. एका पक्षाचं म्हणणं, करडू हे बोकडाचं नातवंड.

बुधवार, १२

दोन जावा बोकडावरून भांडल्या, आता एकमेकींशी बोलत नाहीत. माझ्यामुळे!

गुरुवार, १३

मालकांनी केबिनमध्ये नवी खुर्ची पाठवली. गादीची. पाठ टेकता येते. सव्वीस वर्षं मी स्टुलावर आहे.

स्वतः वर आले. पाठीवर थाप मारली. म्हणाले, ‘असा सिनेमा पाहिजे! कुणाला काही कळत नाही आणि कुणी घरी थांबत नाही!’

खुर्चीत बसवेना. उभ्यानेच खेळ चालवला.

शुक्रवार, १४

आज मास्तर वर आले. निवृत्त झालेले गणिताचे मास्तर, तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीत रोज असतात. मला वाटलं, आवाजाची तक्रार असेल. तर काखेत वही! शंभर पानी. समासासकट आखलेली. सिनेमाचा मिनिटामिनिटाचा तक्ता, लाल शाईत प्रश्न, निळ्या शाईत उत्तरं.

‘तुम्ही तर रोज पाहता. तुम्हाला कळलंच असेल,’ म्हणाले.

मी मशीनचं झाकण पुसायला घेतलं.

‘सगळे म्हणतात जुळे, जादू, अमकं, तमकं. काही नाही हो! कप्तान एकच आहे. तो बुडतोय. आणि बुडता बुडता त्याला मागचं सगळं आठवतंय. मध्यंतरानंतरचा सिनेमा त्याच्या डोक्यात चाललाय! म्हणून शेवटी करडू घेऊन निघतो ना, तेव्हा इतका आनंदात असतो आणि आपल्याला रडू येतं. कारण आपल्याला माहीत असतं पुढे काय होणार.’ मग वहीत बोट ठेवून – ‘एकेचाळिसावं मिनिट. बुडबुडे येतात तेव्हा घंटी वाजते, ऐकलीत? करडाच्या गळ्यातली. आणि मोठ्या बोकडाच्या गळ्यात घंटीच नाही!’

योगायोग असेल. सिनेमात आवाज इकडचे तिकडे होतातच.

जाताना दारात थांबले. ‘शाळा सुटल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं. आता पारावर चौघं वाट बघत बसतात, मास्तर आज काय सापडलं म्हणून. सूनबाई म्हणते, बाबा जेवायलासुद्धा वेळेवर यायला लागलेत, खेळ चुकू नये म्हणून.’

शनिवार, १५

जेवण गेलं नाही. ही म्हणाली, ‘चाललंय ते चालू द्या. सगळे खूश आहेत. मास्तरही खूश आहेत.’

तेच तर! एक शहाणा माणूस माझ्या चुकीचा अभ्यास करतोय. लाल शाई, निळी शाई. मी त्याला वेड्यात काढतोय. याला काय चांगुलपणा म्हणायचं?

रविवार, १६

उद्या सरळ करतो. ठरलं. हिला सांगितलं नाही.

सोमवार, १७

सरळ लावला. करडू आधी, बोकड नंतर. नकाशा आधी विकत घेतला, मग जळाला. आचारी आधी चांगला, मग बिघडला. पाय आधी होता, मग गेला. सगळं जिथल्या तिथे.

मध्यंतरापर्यंत जांभया ऐकू यायला लागल्या. शेवटी कप्तान बुडाला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, ‘बुडणारच की, एवढं वादळ!’ बाहेर पडताना कुणी भांडलं नाही. औषधाच्या दुकानातल्या बाई हिला म्हणाल्या, ‘आज काहीतरी बदललंय, पण सगळं कळलं. म्हणजे एवढंच होतं का?’

मास्तरांनी मध्यंतरालाच वही मिटली होती. खेळ संपल्यावर वर आले. मी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी, पंखा, आकडे, बोकड. तोंड उघडलं ते बंदच होईना.

ते स्टुलावर बसले होते. खुर्ची देत होतो, घेतली नाही.

‘म्हणजे माझं उत्तर चुकलं,’ म्हणाले.

‘तुमचं नाही हो मास्तर, प्रश्नच चुकीचा छापला होता. माझ्याकडून.’

‘तेही खरं.’ हसले. मग म्हणाले, ‘कुणाला सांगत नाही. तुमची इतक्या वर्षांची नोकरी.’ आणि जिना उतरताना कठडा धरून उतरले. रोज धरत नाहीत.

खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला वाटलं नाही.

मंगळवार, १८

हॉलमध्ये अकरा माणसं. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी.

मालक खाली येरझारा घालतायत. ‘सिनेमा अचानक पातळ कसा झाला हो?’ मला विचारतात! मी म्हटलं, लोकांचं काही सांगता येत नाही.

ही बोलत नाहीये. तिला आधी न सांगता केलं म्हणून.

बुधवार, १९

सात माणसं. त्यातली दोन झोपायला आली होती, तसं खिडकीवर सांगूनच.

मालकांनी जाहीर केलंय, उद्या कंपनीला झापणार. ‘मधेच बदलून दुसराच सिनेमा पाठवलाय त्यांनी!’ उद्या ते फोन लावायच्या आत कबूल करून टाकायचं. मास्तरांना सांगितलं तसंच. दोनदा आरशासमोर म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा ‘मालक’ एवढ्यावरच अडकलो.

पारावरून येताना मास्तर दिसले नाहीत. बाकीचे चौघं होते. पत्ते कुटत होते.

गुरुवार, २०

मी पोचायच्या आधीच मालकांनी फोन लावला होता. झापता झापता मध्येच ‘हे तुम्हीच ऐका’ म्हणाले आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

पलीकडचा माणूस वैतागलेला. ‘अहो, लहान आकडा आधी! इथे नोंद येते, पहिले दहा दिवस बरोबर चालवलात, मग सोमवारी काय झालं? सिनेमा तसाच आहे, उलटा! तो बुडताना त्याला सगळं आठवतंय! एवढंही तुमच्याकडे कुणाला कळलं नाही का?’

कळलं होतं. एकाला. आणि त्यांना मीच सांगितलं, तुम्ही चुकलात म्हणून.

दुपारचा खेळ हिच्यावर सोपवलाय. कुठली बटणं दाबायची ते दाखवून दिलं. मास्तरांच्या घरी निघालोय.