उसनी मेणपाटी

एपैफ ३

आज या घरात माझ्यावर झालेला अन्याय मी शांत डोक्याने नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढच्या पिढ्यांना निवाडा करणं सोपं जाईल. लिहायच्या दगडी मेजात दौतीचं भोक डाव्या अंगाला कोरलंय. दौत काढून उजवीकडे ठेवावी तर मेजाला असा उतार की ती घसरते. आज दोनदा घसरली. दुसऱ्यांदा माझ्या एकुलत्या एक बऱ्या अंगरख्यावर. मेज हेराइसचं, आणि हेराइस डावखुरी. बाई जाऊन चार महिने झाले, हट्ट अजून जागेवर आहे.

बाकी आगमन झकास झालं. ऑक्सिरिंखसहून नऊ दिवस नावेत कांद्याच्या पोत्यांना टेकून काढले, पण धक्क्यावर हेराइसचा भाचा हर्मिनोस स्वतः घ्यायला आला होता. पंतोजी, पंतोजी करत त्याने माझं बोचकंसुद्धा उचललं. आत्याच्या पपायरसच्या आठ गुंडाळ्या नीट लावायच्या, स्वच्छ प्रत करायची, मुळाशी ताडून वाचायची आणि शेवटी आपल्याकडे सगळेच घालतात ती ओळ घालायची : तपासलं, अमक्याने. शंकूच्या छेदांवरचं इतकं मोठं काम या शहरात वीस वर्षांत झालेलं नाही म्हणे. मी मान हलवली. हलवताना दुखली.

मग त्याने आवाज उतरवला. बाईमाणसाचं नाव बघून हल्ली कोणी गुंडाळी उघडतही नाही, म्हणाला. नव्या वर्षाच्या तोथ महिन्यात नगरसभा भूमितीचा अध्यापक नेमणार आहे. असं पुस्तक ज्याच्या नावावर असेल त्याला दुसऱ्या शिफारशीची गरज नाही. "पुढे कोणाचं नाव टाकायचं ते तुम्हीच बघा, पंतोजी. आत्या काय उठून विचारायला येणार आहे?"

मी 'छे छे' म्हटलं. शोभेल तेवढा वेळ म्हटलं, मग थांबलो.

घर सांभाळणारी म्हातारी ताएसे हिने मसुराची आमटी, खारवलेला मासा आणि जवाची दारू दिली. मी दुसऱ्यांदा आमटी मागितल्यावर म्हणाली, "बाई जेवायचं विसरायच्या. तुमचं तसं काही दिसत नाही." हिच्याशी माझं जमेल.

ही रोजनिशी हेराइसच्या रद्दी पपायरसच्या कोऱ्या पाठीवर लिहितोय. तिची रद्दीसुद्धा माझ्या चांगल्या पपायरसपेक्षा गुळगुळीत आहे.

एपैफ ५

तीस वर्षं मी एक आशा जपली होती, की हेराइसने कुठेतरी एक घसघशीत चूक केली असेल. आज तीन गुंडाळ्या वाचून झाल्या. एक चूक सापडली. सात ओळींपुढे तिनेच ती सुधारून बाजूला स्वतःलाच 'मूर्ख' असं लिहिलंय. म्हणजे तिला शिव्या घालायचं कामही तिने माझ्यासाठी ठेवलं नाही.

अक्षर सगळं डावीकडे कललेलं, उलट्या वाऱ्यात सापडलेल्या शिडासारखं. आणि दाब असा की बोरूने जागोजागी पपायरस फाटलाय. हात पहिल्यापासून जड. आम्ही एकाच गुरूंकडे होतो. उत्तर आधी मी द्यायचो, बरोबर ती द्यायची. पुढे ती इथे राहिली, आणि तिचं ऐकायला पोरं उंबऱ्यापर्यंत दाटीवाटीने बसायची, असं ताएसे सांगते. (मी विचारलं नव्हतं.) मी ऑक्सिरिंखसला धान्य-व्यापाऱ्यांच्या पोरांना तीस वर्षं अल्फा गिरवायला लावला. पाटीवर वरची ओळ मास्तरने घालून द्यायची, खाली पोराने ती चार वेळा गिरवायची. माझं आयुष्य म्हणजे ती वरची ओळ.

पण माझ्याही नावावर काही आहे. शंकूच्या छेदाला स्पर्श करणाऱ्या रेषेबद्दलचा निलामोनचा सिद्धान्त. तीन ओळींत संपतो. सीरियातल्या एका गृहस्थांनी पत्र पाठवून त्याला 'अलौकिक' म्हटलं होतं. पत्र मी बरोबर आणलंय.

एपैफ ८

आठव्या गुंडाळीत दहावा सिद्धान्त आहे, बारावा आहे. मधे एक सबंध रकाना कोरा. वर तिच्या अक्षरात एवढंच : 'अकरावा. उसना दिला आहे.'

दुपारचं जेवण गेलं नाही. ताएसेने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी सहज विचारल्यासारखं त्या रकान्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, बाई दरवर्षी ती गुंडाळी काढायच्या, उलगडायच्या, पुन्हा ठेवून द्यायच्या. एकदा हिनेच म्हटलं, पाठ असेल की तुम्हाला, टाका लिहून. तर बाई हसल्या. "म्हणाल्या, आणून देईल गं तो. जरा विसराळू आहे."

भिंतीत खिळा आहे. त्याला मेण लावलेल्या दोन पानी जोडपाटीचं एकच पान लटकतंय. मेण वाळून तडकलंय. कडेच्या दोन भोकांतून चामड्याची वादी लोंबते आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही. ते दुसरं पान माझ्या बोचक्यात आहे. तीस वर्षं माझं सगळं कच्चं काम त्याच्यावर होतंय. लाकूड चांगलं आहे.

इथे कोणी वाचणार नाही, तेव्हा लिहून टाकतो. गुरूंनी घातलेलं स्पर्शरेषेचं ते कोडं मला महिनाभर सुटत नव्हतं. एका दुपारी हेराइसने वादी सोडून आपल्या पाटीचं एक पान माझ्याकडे सरकवलं. वर तीन ओळी आणि आकृती. बघून परत दे, म्हणाली. मी बघितलं. उतरवून घेतलं. लिहायच्या सळईच्या चपट्या टोकाने मेण सारखं करून टाकलं. मग परत द्यायचं राहिलं. मग गुरूंनी विचारलं, हे कोणाचं, आणि मी गप्प राहण्याऐवजी बोललो.

ती शेजारीच बसली होती. तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही. हे मी तिला कधीच माफ केलेलं नाही. आरडाओरडा केला असता तर मला खोटं बोलून मोकळं होता आलं असतं.

एपैफ ११

ठरलं. कोऱ्या रकान्यात अकरावा भरला, वर 'निलामोनचा' असं टाकलं. पहिल्या गुंडाळीच्या सुरुवातीलाही माझं नाव घातलं. उजव्या हाताने, शाईचे चार थेंब सांडून. सुरेख दिसत होतं.

मग झडपा ओढून आडवा झालो. एपैफातल्या भर उन्हाळी दुपारी या शहरात कुत्रंही उभं राहत नाही. उठलो तर माझी मेणपाटी मेजावर होती. मी ती बोचक्यातून काढली नव्हती. वर, मास्तर पोराला घालून देतो तशी, एकच ओळ :

अकरावा हेराइसचा.

खाली गिरवण्यासाठी आखलेल्या चार रेघा, कोऱ्या. अक्षर डावीकडे कललेलं.

ताएसेला अक्षरओळख नाही. हर्मिनोस दिवसभर धक्क्यावर होता. हेराइसचा कोणीतरी जुना शिष्य खोडी काढतोय. मेण पुसून टाकलं.

एपैफ १२

ओळ पुन्हा आली. या वेळी खालच्या चारही रेघा भरलेल्या आहेत. एखाद्या ओबडधोबड हाताने, जीभ दातांत धरून गिरवल्यासारखं. हा हात मी ओळखतो. शेकडो पोरांच्या पाट्यांवर पाहिलाय. मनाविरुद्ध गिरवणाऱ्याचा हात.

माझ्या नखांत मेण आहे. डाव्या हाताच्या.

एपैफ १४

काल दुपारी डावा हात कमरपट्ट्याने खाटेच्या पायाला बांधला आणि ताएसेला दाराशी बसवलं. कोणी आत गेलं तर मला हाक मारायची, असं बजावलं. उठलो तेव्हा कमरपट्टा व्यवस्थित घडी घालून उशाशी ठेवलेला होता. मी आयुष्यात कधी कशाची घडी घातलेली नाही.

ताएसे शपथेवर सांगते की आत कोणी गेलं नाही. मग जरा चाचरत म्हणाली, मी मधेच डोकावले होते. "तुम्हीच तर बसला होतात की मेजापाशी, पंतोजी. डाव्या हातानं किती झरझर लिहिता हो. अगदी बाईंसारखं."

मी तिच्यावर ओरडलो. तीही ओरडली, की कौतुक केलं तर खेकसायला काय झालं, बाई असं कधी करत नसत.

बाई असं करत नसत. बाई तसं करत नसत. या घरात मेलेल्या माणसाचा मान जिवंतापेक्षा जास्त आहे.

एपैफ १५

शेगडीवर धरून पाटीचं मेण वितळवलं. सगळं. ओळीला पुन्हा उमटायला जागाच नको.

मेण गेलं आणि खालचं लाकूड दिसलं. तिचा हात जड. तीस वर्षांपूर्वी तिची सळई मेणातून थेट लाकडात उतरली होती. तिन्ही ओळी तिथे आहेत. आकृती आहे. खाली, 'निलामोनला. हेराइसकडून. बघून परत दे.'

म्हणजे मी केलेलं प्रत्येक गणित, सुटलेलं आणि न सुटलेलं, पोरांची हजेरी, सीरियाच्या गृहस्थांना पाठवलेल्या उत्तराचा मसुदा, सगळं मी तिच्या अक्षरावर लिहीत होतो. तीस वर्षं वरची ओळ तिचीच होती.

ताएसेच्या चुलीत टाकणार होतो. चुलीपाशी उभाही राहिलो. डाव्या हाताची बोटं पाटीवरून सुटेनात. ताएसे म्हणाली, अहो पंतोजी, एक तर टाका नाही तर बाजूला व्हा, माझे मसूर लागतायत.

एपैफ १९

हर्मिनोस आला होता. पहिली गुंडाळी उघडली आणि भडकला. आपलं काय ठरलं होतं, म्हणाला. "पुढे आत्याचंच नाव घालायचं होतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं, पंतोजी? नगरसभेला काय सांगू, माझी मेलेली आत्या शिकवायला येईल?"

मी पाहिलं. जिथे मी 'निलामोन' लिहिलं होतं तिथे 'हेराइस' होतं. खाडाखोड नाही. शाई माझीच, त्या चार थेंबांसकट.

त्याच्यासमोर पुन्हा लिहिलं. त्याने वाचलं : 'हेराइस'. पाणी हवंय का, असं हळूच विचारलं. निघताना ताएसेला म्हणाला, यांच्याकडे लक्ष ठेव.

एपैफ २२

खापरीवर उजव्या हाताने माझं नाव लिहून पाहतोय. पहिलं अक्षर येतं. पुढे बोरू थांबतो, दगडाला अडल्यासारखा. सतरा खापऱ्या झाल्या. सतरांवर एक-एकच अक्षर.

हाक कोणत्या नावाने मारू, असं पाणक्याने विचारलं. मला आठवावं लागलं —

एपैफ २५

डावा हात आता दुपारची वाट पाहत नाही. मी बघत असताना लिहितो. मी बघत बसतो. पाचव्या गुंडाळीतल्या एका सिद्धतेतली पळवाट तिने — त्याने — बंद केली. दोन ओळींत. मला ती पळवाट आहे हेसुद्धा दिसलं नव्हतं.

सर्वांत वाईट हे, की घाबरलो त्याच्या आधी मला हेवा वाटला. माझ्याच हाताचा.

एपैफ २८

मेजापाशी कोणीतरी उजवीकडे बसतं. शिष्य बसतो त्या जागी नाही. वर्गात ती बसायची त्या जागी. मी मान वळवत नाही — ती काही बोलत नाही — तेव्हाही बोलली नव्हती

एकदाच बोल म्हणावं. चोर म्हण. काहीतरी

मेसोरे १

पाटी खिळ्याला लावली. वादी दोन्ही पानांतून ओवून गाठ मारली. तीस वर्षांनीसुद्धा भोकं भोकांवर नेमकी बसली.

मग आठवी गुंडाळी. 'निलामोनचा' पुसलं. 'उसना दिला आहे' वर एक रेघ मारली, शेजारी 'परत आला' लिहिलं. डाव्या हाताने. दौत आता हाताशी आहे. एक थेंब सांडला नाही.

ताएसे दारातून म्हणते, आमटी निवतेय, पंतोजी. येतो म्हटलं. एवढी एक ओळ राहिलीय. ती रिवाजाने माझी आहे, हेराइसने ती अडवू नये. मी खरंच तपासलंय. आठही गुंडाळ्या, ओळ न् ओळ. एकही चूक नाही. हे लिहिताना दात दुखतात, पण नाही.

उजवीकडचं माणूस जरा पुढे वाकलंय. बघायला.

तपासलं, नि